ऑटिझम असलेल्या मुलासाठी बिहेवियर थेरपी: सेंटर आणि थेरपिस्ट निवडताना काय तपासावं

बिहेवियर थेरपी सुरू करायची ठरली की बहुतेक आईवडील आधी सेंटर शोधतात. कुठलं जवळ आहे, कुठलं नावाजलेलं आहे, कुठे जागा शिल्लक आहे. शोध इथून सुरू झाला तरी हरकत नाही, निर्णय मात्र एवढ्यावर होऊ नये. या थेरपीत मुलासाठी दोन वेगवेगळी माणसं काम करतात. एक जण असेसमेंट करतो, गोल म्हणजे उद्दिष्टं ठरवतो, योजना लिहितो आणि ती चालते आहे की नाही ते तपासतो. त्याला आपण सुपरवायझर म्हणू. दुसरा रोज मुलासोबत बसून ती योजना राबवतो, तो थेरपिस्ट. सेशनचे जवळजवळ सगळे तास थेरपिस्टबरोबर जातात, पण ते सत्कारणी लागतात की वाया जातात हे सुपरवायझरवर ठरतं. म्हणून निवडताना मुख्यतः देखरेख पाहायची: ती कोण करणार, किती वेळा करणार, आणि योजना कशाच्या आधारावर बदलणार.

शोध सुरू करण्याआधी घरी

एका कागदावर तीन गोष्टी लिहा. मुलाला आत्ता सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, घराला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, आणि पुढच्या सहा महिन्यांत मुलाला कोणती एक गोष्ट जमली तर रोजचं जगणं सोपं होईल. पहिल्या दोन गोष्टी पुष्कळदा वेगळ्या निघतात. घर रात्रीच्या जागरणाने थकलेलं असतं, आणि मुलाची खरी अडचण ही असते की त्याला काय हवंय ते कुणाला सांगता येत नाही. हा फरक थेरपिस्टला भेटण्याआधीच तुमच्यापुढे स्पष्ट असावा.

मग दोन आठवडे नोंद ठेवा. प्रत्येक अवघड प्रसंगासाठी चार रकाने पुरतात: वेळ, लगेच आधी काय झालं, मुलाने नेमकं काय केलं, लगेच नंतर काय झालं. 'खूप चिडला' असं लिहू नका. 'जमिनीवर पडून तीन वेळा डोकं आपटलं, साधारण दोन मिनिटं रडला' असं लिहा. शेवटच्या रकान्यात मोठ्यांनी काय केलं तेही खरंखरं लिहा: टॅब्लेट परत दिला, आंघोळ पुढे ढकलली, उचलून घेतलं. यात कुणाचा दोष काढायचा नसतो. पण चांगला सुपरवायझर पहिल्या भेटीत याच रकान्याकडे आधी बघतो, कारण वागणं टिकून कशामुळे आहे त्याचा माग तिथेच लागतो. मोबाइलवर दोन-चार छोटे व्हिडिओही घेऊन ठेवा, आणि त्यात मूल मजेत खेळत असतानाचे असू द्या.

याच काळात डॉक्टरांकडे जाऊन या. बद्धकोष्ठता, दातदुखी, कानातला संसर्ग, ॲसिडिटी, अपुरी झोप, फिट्स, यांतलं काहीही 'वागणुकीची समस्या' म्हणून समोर येऊ शकतं, कारण 'दुखतंय' असं मुलाला सांगता येत नसतं. वागणं अचानक बिघडलं असेल तर ही शक्यता आधी तपासायची. दुखणाऱ्या मुलावर बिहेवियर प्लॅन लावणं हा अन्याय आहे, आणि तो प्लॅन चालतही नाही. बोलायला उशीर होत असेल तर कानाची तपासणी झालेली असावी. जो सुपरवायझर पहिल्या भेटीत झोप, पोट, औषधं आणि श्रवण यांबद्दल एकही प्रश्न विचारत नाही, त्याच्याकडे पुढे जाऊ नका.

पद्धतींची नावं, आणि तासांचा प्रश्न

तुम्हाला सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव म्हणजे एबीए, अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस. या एका नावाखाली एकमेकांपासून फार वेगळी कामं चालतात. एका टोकाला डिस्क्रीट ट्रायल: टेबलापाशी बसून सूचना, उत्तर, बक्षीस, पुन्हा सूचना. दुसऱ्या टोकाला खेळातून, मुलाच्या आवडीच्या मागे जात शिकवणाऱ्या पद्धती आहेत, जशा अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल, पिव्हटल रिस्पॉन्स ट्रीटमेंट, जॅस्पर. लहान मुलांसाठी आमचा कल स्पष्टपणे या दुसऱ्या टोकाकडे आहे, कारण खेळताना शिकलेलं घरी आणि अंगणातही वापरलं जाण्याची शक्यता जास्त असते. टीच (TEACCH) या पद्धतीत जागेची रचना आणि चित्रांचं वेळापत्रक यांवर भर असतो. पेक्स हा चित्र हातात देऊन मागायला शिकवण्याचा मार्ग आहे, ती संपूर्ण थेरपी नव्हे. 'आम्ही एबीए करतो' एवढ्या उत्तराने काहीच कळत नाही. 'माझ्या मुलाबरोबरच्या एका तासात नेमकं काय होईल?' असं विचारा.

'आठवड्याला 40 तास लागतातच' हे वाक्य तुम्हाला कुणीतरी ऐकवेल. त्याचं मूळ मानसशास्त्रज्ञ इवार लोव्हास यांच्या 1987 च्या अभ्यासात आहे. त्यात 19 मुलांना दोन वर्षांहून जास्त काळ अशी थेरपी दिली गेली आणि त्यांतली 9 मुलं सर्वसाधारण बुद्ध्यांक गाठून नेहमीच्या पहिलीच्या वर्गात गेली, असा निष्कर्ष होता. पण गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि त्या थेरपीत मोठ्याने 'नाही' म्हणून दटावणं व प्रसंगी मांडीवर चापट मारणंही होतं, जे आज कुठेही खपवून घेता कामा नये. 2010 मध्ये डेन्व्हर मॉडेलचा जो यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला, अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात 18 ते 30 महिन्यांची 48 मुलं होती आणि थेरपिस्टचे ठरवलेले तास आठवड्याला 20 होते. 2024 मध्ये जामा पीडियाट्रिक्स या नियतकालिकात 144 अभ्यास एकत्र तपासणारा लेख आला. तास वाढवले की परिणामही वाढतो, असा ठाम संबंध त्यात सापडला नाही.

तेव्हा तास गोलांवरून ठरायला हवेत. एखादं-दुसरं कौशल्य किंवा एकच अवघड वागणूक हाताळायची असेल तर आठवड्याला 10 तासही पुरू शकतात. असेसमेंटच्या आधीच तासांचं पॅकेज सांगणारं सेंटर तुमच्या मुलाचा विचार करत नाही, आपल्या वेळापत्रकाचा करतं. आणि थेरपीनंतर मुलाला झोप, खेळ, भावंडं आणि नुसतं बसून राहणं यांसाठी वेळ उरतो का हेही मोजा. तीन वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या नोकरीइतके तास लावणं हा गंभीर निर्णय आहे.

देखरेख कशी मोजायची

सुपरवायझरची पात्रता देशागणिक वेगळ्या नावाने ओळखली जाते. सर्वांत जास्त ठिकाणी माहीत असलेलं प्रमाणपत्र म्हणजे बीसीबीए (बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर ॲनालिस्ट): पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखालचं काम आणि परीक्षा. मुलाबरोबर बसणाऱ्या थेरपिस्टसाठीची आरबीटी (रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन) ही पात्रता मात्र 40 तासांच्या प्रशिक्षणावर आणि परीक्षेवर मिळते. इतकं कमी प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती चांगलं काम करूच शकत नाही असं नाही. ती एकटी सोडली जाता कामा नये, एवढाच मुद्दा आहे. प्रमाणपत्राची फोटोकॉपी बघून थांबू नका. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या ऑनलाइन यादीत नाव आणि मुदत स्वतः तपासा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता आकडे. आरबीटींसाठी हे प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने घातलेली किमान अट अशी, की महिन्यातल्या कामाच्या तासांपैकी 5 टक्के तास देखरेख हवी. कौन्सिल ऑफ ऑटिझम सर्व्हिस प्रोव्हायडर्स या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सर्वसाधारणपणे दर 10 तासांच्या थेरपीमागे सुपरवायझरचे 2 तास धरतात, आणि त्यात नोंदी वाचणं, योजना बदलणं हेही येतं. तुमच्या मुलाला महिन्याला 60 तास थेरपी असेल तर पहिल्या हिशेबाने 3 तास होतात, दुसऱ्याने 12. सेंटर यांपैकी कुठे बसतं ते विचारा, आणि त्या तासांपैकी किती वेळ सुपरवायझर प्रत्यक्ष तुमच्या मुलासमोर असतो तेही. एका सुपरवायझरकडे सध्या किती मुलं आहेत हा पुढचा प्रश्न. या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं असं समजा.

फोनवर

भेटीला जाण्याआधी दहा मिनिटांचा फोन करा. एवढं विचारलं की निम्मी नावं गळतात:

– असेसमेंट कोण करतं, आणि त्याला किती वेळ लागतो?
– थेरपिस्ट साधारण किती महिने टिकतात? एक सोडून गेला तर नवा माणूस मुलाबरोबर एकटा बसण्याआधी काय केलं जातं?
– आम्हाला सेशन बघता येईल का? न कळवता आलो तर?
– मूल सेशनमध्ये रडू लागलं, निघून जाऊ लागलं, तर तुम्ही काय करता?
– स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि शाळा यांच्याशी तुमचं बोलणं कसं होतं?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर लक्ष देऊन ऐका. 'काम पूर्ण केल्याशिवाय उठू देत नाही, नाहीतर सवय लागते' हे उत्तर काळजीचं आहे. 'आधी का रडतंय ते बघतो, काम सोपं करतो, ब्रेक मागायला शिकवतो' हे ऐकायला मिळालं तर भेट ठरवा. न कळवता येण्याबद्दल इतर मुलांच्या खासगीपणाचं कारण कुणी दिलं तर ते रास्त असू शकतं. मग काचेआडून किंवा कॅमेऱ्यावर फक्त आपल्या मुलाचं सेशन बघण्याची सोय आहे का ते विचारा. आईवडिलांना आत येताच येत नाही, अशी बंद दाराची पद्धत असेल तर तिथे मूल ठेवू नका. जे मूल घरी येऊन काय घडलं ते सांगू शकत नाही, त्याच्या बाबतीत या अटीला अपवाद नाही.

सेशन बघताना

शक्यतो सुरू असलेलं खरं सेशन निदान अर्धा तास बघा. भिंतीवरची चित्रं आणि महागडी खेळणी बाजूला ठेवा. कागदावर दोन खुणा मोजत जा. पहिली खूण, मुलाने आपणहून काही सांगितलं त्याची: बोट दाखवलं, हात ओढला, आवाज काढला, बघून हसलं. प्रत्येक वेळी समोरच्या मोठ्या माणसाने प्रतिसाद दिला का? दुसरी खूण, मुलाने नकार दिला त्याची: मान फिरवली, वस्तू ढकलली, उठून गेलं, अंग आक्रसून घेतलं. नकार थेरपिस्टच्या लक्षात आला का, आणि त्यानंतर त्याने काय बदललं? नकार दिसताच हात धरून तेच काम पुरं करून घेणारा थेरपिस्ट मुलाला एकच धडा देतो, की तुझ्या 'नाही'ला किंमत नाही. ज्या मुलाला पुढे अनोळखी माणसांच्या मदतीवर अवलंबून राहावं लागू शकतं, त्याला हा धडा देणं धोक्याचं आहे.

बक्षीस कसं दिलं जातं तेही दिसेल. मुलाला आज काय आवडतंय हे सेशनच्या सुरुवातीला दोन-तीन वस्तू पुढे ठेवून बघितलं जातं का, की सगळ्या मुलांना एकाच डब्यातला खाऊ मिळतो? कालची आवड आज टिकत नाही. नावडत्या बक्षिसावर मूल काम करत नाही, आणि मग 'सहकार्य करत नाही' असा शेरा त्याच्या वहीत जातो. बक्षीस योग्य कृतीनंतर लगेच यायला हवं. मूल ओरडू लागल्यावर 'गप्प बसलास तर देतो' म्हणून दाखवलेल्या बक्षिसाने ओरडणं पक्कं होतं.

मदतीचंही तसंच. हाताला हात लावून, इशारा करून, पहिला शब्द उच्चारून, अशी मदत दिली जाते आणि ती टप्प्याटप्प्याने कमी व्हायला हवी. कमी झाली नाही तर मूल प्रत्येक वेळी त्या स्पर्शाची वाट बघत थांबतं. थेरपिस्टला विचारा, 'ही मदत तुम्ही कधी आणि कशी काढणार?' उत्तर योजनेत लिहिलेलं असलं पाहिजे. आणि एक साधी गोष्ट बघायची: थेरपिस्ट खोलीत आल्यावर मुलाचा चेहरा. काही आठवड्यांच्या ओळखीनंतरही मूल त्या माणसाला बघून आक्रसत असेल, तर कागदावरची प्रगती कितीही असो, काहीतरी चुकतं आहे.

असेसमेंट आणि गोल

असेसमेंट एका बैठकीत उरकत नाही. त्यात तुमची सविस्तर मुलाखत, मुलाचं निरीक्षण आणि एखादं ठरावीक साधन असतं. लहान मुलांसाठी व्हीबी-मॅप बरंच वापरलं जातं. त्यात 48 महिन्यांपर्यंतच्या विकासाचे 170 टप्पे तपासले जातात, शिवाय शिकण्यात येणारे 24 अडथळेही. वाइनलँड हे मुलाखतीवर आधारलेलं साधन रोजच्या जगण्यातली कौशल्यं बघतं: कपडे घालणं, मागणं, इतरांशी वागणं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाची योजना फक्त व्हीबी-मॅपवर उभी केली असेल तर का ते विचारा, कारण त्या वयाला स्वतःची कामं, सुरक्षितता आणि मैत्री यांचा विचार जास्त लागतो.

गोल वाचताना आईवडील बहुधा घाई करतात, पण सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा हीच आहे. 'आय कॉन्टॅक्ट वाढवणे', 'सूचना पाळणे', 'चंचलता कमी करणे' हे गोल नव्हेत. ते साध्य झाले की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. चांगला गोल असा असतो: 'आवडती वस्तू दिसते आहे पण हाताला लागत नाही, अशा वेळी कुणी न सुचवता मूल चित्र देऊन, खूण करून किंवा शब्दाने ती मागेल. दहापैकी आठ वेळा, सलग तीन दिवस, दोन वेगवेगळ्या माणसांकडे, सेंटरमध्ये आणि घरीही.' यात परिस्थिती आहे, दिसणारी कृती आहे, मोजमाप आहे, आणि एका खोलीत शिकलेलं बाहेर पोचतं का याची तपासणीही आहे. शेवटचा भाग नेमका गाळला जातो, आणि मग सेंटरमध्ये सगळं करणारं मूल घरी काहीच करत नाही अशी तक्रार येते. मूल हट्टी झालेलं नसतं. ते कौशल्य एकाच माणसाशी, एकाच टेबलाशी बांधलं गेलेलं असतं.

प्रत्येक गोलापुढे एक प्रश्न लिहा: 'याने माझ्या मुलाचं काय भलं होईल?' पन्नास प्राण्यांची चित्रं ओळखणाऱ्या मुलाला तहान लागल्याचं सांगता येत नसेल तर योजनेचा क्रम चुकला आहे. हात फडफडवणं, गोल फिरणं, गुणगुणणं, यांनी कुणाला इजा होत नसेल तर ती बंद करण्याचा गोल मान्य करू नका. बरीच मुलं त्यातून स्वतःला शांत करतात. नजरेला नजर द्यायला भाग पाडणं, 'हात शांत' म्हणून हात दाबून ठेवणं, याबद्दल ऑटिझम असलेली आता मोठी झालेली माणसं उघडपणे बोलतात. रोज स्वतःला लपवण्याचा थकवा आणि त्याने मनावर उमटलेले घाव त्यांनी सांगितले आहेत. त्यांचं म्हणणं सुपरवायझरसमोर काढा. तो ते उडवून लावतो की त्यावर विचार करतो, यावरून त्याच्याबद्दल बरंच कळेल.

मूल बोलत नसेल तर चित्रं, खुणा किंवा बोलणारा टॅब्लेट पहिल्या दिवसापासून योजनेत असावा. 'चित्रं दिली तर बोलणार नाही' ही भीती अजूनही दाखवली जाते. 2006 मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी याबद्दलचं संशोधन तपासलं. ज्या 27 व्यक्तींबद्दल भक्कम पुरावा होता, त्यांपैकी एकाचंही बोलणं कमी झालेलं नव्हतं, बहुतेकांचं वाढलं होतं. तुमचं मूल संवादाविना आणखी वर्षभर थांबवणारं सेंटर नको.

मारणं, चावणं, डोकं आपटणं

असं काही असेल तर निवडीचा कस इथे लागतो. वागण्यामागे काहीतरी मिळवायचं किंवा टाळायचं असतं: कुणाचं लक्ष, हवी ती वस्तू, नकोशा कामापासून सुटका, किंवा शरीराला मिळणारी संवेदना. एकच कृती, उदाहरणार्थ मारणं, दोन मुलांत अगदी वेगळ्या कारणाने होते. म्हणून कारण शोधल्याशिवाय उपाय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

चूक कशी होते बघा. मूल कामापासून सुटण्यासाठी मारत असेल आणि सेंटर त्याला शिक्षा म्हणून कोपऱ्यात एकटं बसवत असेल, तर मुलाला हवं तेच मिळालं, मारणं वाढणार. 'दुर्लक्ष करा' हा सल्ला कारण लक्ष वेधण्याचं असेल तरच लागू पडतो. संवेदनेसाठी चाललेल्या वागण्याला तुम्ही बघता की नाही याने फरक पडत नाही. आणि दुर्लक्ष जिथे योग्य असतं तिथेही वागणं आधी उफाळू शकतं, आणि मग कमी होतं. डोकं आपटणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा उफाळा जिवावर बेतू शकतो. याची आगाऊ कल्पना आणि इजा टाळण्याची तयारी नसलेली योजना घरी सुरू करू नका. निम्म्यात हार मानून वस्तू दिली तर मुलाला कळतं, की आणखी जोर लावला की मिळतं.

टिकणारा उपाय म्हणजे तेच काम करणारी सोपी पर्यायी कृती शिकवणं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या संशोधकांनी 1985 मध्ये दाखवलं, की मुलांना मदत किंवा लक्ष मागायला शिकवल्यावर त्यांचं त्रासदायक वागणं घटलं. म्हणून योजनेच्या कागदावर 'काय थांबवायचं' याच्या शेजारी 'त्याऐवजी काय शिकवायचं' हा रकाना भरलेला असला पाहिजे. पर्याय मारण्यापेक्षा सोपा हवा आणि सुरुवातीला प्रत्येक वेळी लगेच फळ देणारा हवा. ब्रेकचं कार्ड शिकवलं, पण ते दाखवल्यावर 'आधी हे संपव' असं उत्तर आलं, तर दोनच दिवसांत मूल पुन्हा मारू लागेल.

मुलाला धरून ठेवण्याबद्दल लेखी धोरण मागा. कुणी, कधी, किती वेळ, आणि तुम्हाला केव्हा कळवणार. तत्काळ इजेचा धोका सोडून दुसऱ्या कशासाठीही धरणं मान्य करू नका. पालथं पाडून दाबून धरल्याने श्वास कोंडतो. ही पद्धत कोणत्याही कारणाने चालणार नाही. धरावं लागलं तर त्याच दिवशी लेखी कळवलं जाईल हे करारात लिहून घ्या.

तुमचा स्वतःचा वाटा

आईवडिलांना शिकवण्याचे तास योजनेत आहेत का ते बघा. 2015 मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 3 ते 7 वर्षांच्या 180 मुलांच्या आईवडिलांचे दोन गट होते. एका गटाला 24 आठवडे वागणूक हाताळण्याचं प्रत्यक्ष शिक्षण दिलं, दुसऱ्याला तेवढाच काळ ऑटिझमबद्दल माहिती. पालकांनी नोंदवलेली चिडचिड पहिल्या गटात सुमारे 48 टक्के कमी झाली, दुसऱ्यात सुमारे 32 टक्के. चांगलं शिक्षण म्हणजे भाषण नव्हे: सुपरवायझर करून दाखवतो, तुम्ही त्याच्यासमोर मुलाबरोबर करता, तो दुरुस्त करतो. सेशन संपल्यावर दारात दोन मिनिटं 'आज छान केलं' म्हणणं यात धरू नका.

कुठे थांबायचं

ऑटिझम 'बरा करतो' म्हणणारा, ठरावीक महिन्यांत बोलण्याची हमी देणारा, कुणाचाही सल्ला घेऊ नका म्हणणारा, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागून परतीची अट न लिहिणारा, यांना पहिल्याच भेटीत नाही म्हणा. थेरपीबरोबर शरीरातले जड धातू काढण्याचे उपचार सुचवले तर तिथून उठा; अशा कीलेशन उपचारात 2005 मध्ये अमेरिकेत पाच वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला आहे. मुलाचा हात धरून त्याच्याकडून टाइप करून घेणं आणि ते मुलाचे विचार म्हणून दाखवणं, हेही नाकारा. तपासण्यांत ते शब्द हात धरणाऱ्याचेच निघाले आहेत.

पहिले तीन महिने

करार आधी तीन महिन्यांचा करा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फारसं 'काम' दिसलं नाही तर घाबरू नका. चांगला थेरपिस्ट हा काळ मुलाशी खेळण्यात, ओळख होण्यात घालवतो. त्यानंतर मात्र दर दोन आठवड्यांनी आलेख मागा. प्रत्येक गोलाचा वेगळा आलेख हवा, आणि योजना जिथे बदलली तिथे उभी रेघ. रेषा तीन-चार आठवडे सपाट असूनही उभी रेघ कुठेच नसेल, तर नोंदी ठेवल्या जातात पण त्या कुणी वाचत नाही. पहिल्या आठवड्यापासून सगळे गोल 90 टक्क्यांवर असतील तर मुलाला येत असलेलंच शिकवलं जातंय, किंवा आकडे सेशननंतर आठवणीने भरले जातायत. दोन माणसांनी एकाच वेळी स्वतंत्र नोंद घेऊन ताडून बघितली जाते का ते विचारा. 80 टक्क्यांहून कमी जुळत असेल तर त्या आलेखावर विसंबता येत नाही.

त्याच वेळी घरी तुमच्या पहिल्या कागदावरच्या तीन गोष्टी पुन्हा बघा. सेंटरचे आलेख चढते आणि घरचा त्रास तसाच, असं असेल तर घरी येऊन एक सेशन करा असं सुपरवायझरला सांगा. मुलाची झोप, भूक, सेंटरकडे निघतानाचं वागणं हेही नोंदवा. नवी भीती, अंगावर वळ, ठरावीक माणसाचं नाव निघताच रडणं, यांपैकी काही दिसलं तर तीन महिने थांबू नका. त्याच दिवशी सेशन थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

बदलायचं ठरलं तर असेसमेंटचे निकाल, चालू गोल, मूळ आलेख, बिहेवियर प्लॅन आणि मुलाच्या आवडीनिवडींची यादी लेखी मागून घ्या. हे तुम्हाला मिळेल अशी अट करारावर सही करतानाच घालून ठेवा. शक्य असेल तर जुना आणि नवा सुपरवायझर यांचं तुमच्यासमोर एकदा बोलणं घडवा, आणि मुलाला जुन्या थेरपिस्टचा निरोप घेऊ द्या. नव्या माणसाचा फोटो मुलाला आधी आठवडाभर दाखवा, आणि त्याची पहिली दोन-तीन सेशन्स कोणतंही काम न देता फक्त खेळाची ठेवायला सांगा.